घाट चढणारी इंजिने आणि ती जगवणारे उस्ताद

मोटारींच्या शौकिनांना 'सर्वांत चांगले इंजिन कोणते' असे विचारले की ठरावीक नावे पुढे येतात. कोणी फेरारीच्या बारा सिलिंडरच्या इंजिनाच्या आवाजावर फिदा असतो. कोणी बीएमडब्ल्यूच्या एका ओळीतल्या सहा सिलिंडरच्या इंजिनाचा मऊपणा सांगतो. जपानी गाड्यांचा चाहता असेल तर तो टोयोटाच्या 'टू-जेझेड'चे नाव घेतो. सुप्रा गाडीतले हे तीन लिटरचे इंजिन जगभर गाजले ते त्याच्या ओतीव लोखंडी ब्लॉकमुळे. कारखान्याने दिलेल्या ताकदीच्या दुप्पट-तिप्पट ताकद लोक त्यातून काढतात आणि तो ब्लॉक ती सहन करतो.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात ही इंजिने रस्त्यावर क्वचितच ऐकू येतील. पण इंजिनावर जीव लावणारी माणसे इथेही भरपूर आहेत. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, इंजिनाच्या शास्त्राचा माणूस नाही. तरी माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील, मामू, चाचा गॅरेजवर, लेथवर किंवा डिझेल पंपाच्या दुकानात काम करतात. त्यांच्यात बसून ऐकले तर कळते की त्यांचीही आवडीच्या इंजिनांची यादी आहे, आणि त्या यादीमागे पक्की कारणे आहेत. ती यादी कुठे लिहिलेली नाही. म्हणून हा लेख.

घाटावर आणि घाटाखाली

आमच्या जिल्ह्याची ओळखच 'घाटावरचा' आणि 'घाटाखालचा' अशी दोन भागांत सांगतात. खाली पूर्णा नदीचे काळ्या मातीचे खोरे : मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद. वर अजिंठ्याच्या डोंगररांगेला लागून बुलढाणा, चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, लोणार. मुंबई-नागपूर रेल्वे घाटाखालून जाते. जिल्ह्याच्या ठिकाणाला, म्हणजे बुलढाण्याला, आजही रेल्वे नाही. मलकापूर स्टेशनवर उतरलेल्या माणसाला मोताळ्यावरून राजूर घाट चढूनच वर यावे लागते.

म्हणून इंजिनाची परीक्षा इथे घाटात होते. भरलेली काळी-पिवळी, वर टपावर सामान, मे महिन्याचे ऊन, आणि मध्येच एखादा ट्रक थांबलेला. अशा ठिकाणी गाडीला कमी फेऱ्यांवर ओढ लागते. शास्त्राच्या पुस्तकात तिला टॉर्क म्हणतात, आमचे ड्रायव्हर 'दम' म्हणतात. वरच्या वेगाची हॉर्सपॉवर या रस्त्यांवर फारशी उपयोगाची नव्हती. दम असलेले, तापून न बसणारे आणि बसलेच तर रस्त्याच्या कडेला उघडता येणारे इंजिन हवे होते.

पहिले प्रेम विहिरीवरचे

पण इंजिन-मिस्त्रीची कहाणी गाडीपासून सुरू होत नाही. खामगावला १८७० मध्ये रेल्वेचा फाटा आला, लॉर्ड मेयोने त्याचे उद्घाटन केले, आणि कापसाच्या या बाजाराभोवती जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने वाढले. त्या काळात अशा कारखान्यांची यंत्रे वाफेवर चालत. बॉयलर, पट्टा, पुली, बेअरिंग हे शब्द वऱ्हाडात आले ते कापसाच्या वाटेने.

गावोगाव पोहोचले ते मात्र तेलावरचे इंजिन. महाराष्ट्रात या कामाची सुरुवात लवकर झाली. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्याने १९३० च्या दशकातच डिझेल इंजिन तयार केले. हेच कूपर पुढे १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवून लोखंडी नांगर घडवले होते. त्यांच्या घराण्याने १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला 'किर्लोस्कर ऑइल इंजिन्स' ही कंपनी काढली. याशिवाय इंग्लंडच्या लिस्टर आणि पेटर इंजिनांच्या धर्तीवर राजकोटला बनणारी इंजिने होतीच. 'पेटर'चे आपल्याकडे 'पीटर' झाले.

त्या जुन्या लिस्टर पद्धतीच्या इंजिनाला दोन बाजूंना दोन जड चक्रे असत आणि ते मिनिटाला साधारण ६५० फेरे घेई. एकेक ठोका मोजता येईल इतके सावकाश. किर्लोस्करच्या एव्ही-१ ने तेच पाच हॉर्सपॉवरचे काम १५०० फेऱ्यांवर आणि कमी वजनात केले. त्याचा मोठा भाऊ टीव्ही-१ : एकच सिलिंडर, ८७.५ मिलिमीटरचा बोअर, ११० मिलिमीटरचा स्ट्रोक, ६६१ सीसी. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत हेच इंजिन इतके सर्रास असते की करंज, महुआ, जट्रोफाच्या तेलावर इंजिन चालवून पाहणाऱ्या भारतीय शोधनिबंधांत त्याचे नाव पुन्हा पुन्हा भेटते. विहिरीवर मोट ओढणाऱ्या बैलांची सुटका करणारे इंजिन संशोधकांचेही लाडके व्हावे, हे त्याच्या साधेपणाचे प्रमाणपत्र आहे.

डिझेल इंजिनाचे तत्त्व माझ्या नववीच्या मुलांनाही कळते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम होते. हवा जोराने दाबली की ती तापते. टीव्ही-१ मध्ये हवा साडेसतरा पट दाबली जाते. ती इतकी तापते की त्यात डिझेलचा बारीक फवारा सोडला की तो आपोआप पेट घेतो. ठिणगी लागत नाही, प्लग लागत नाही. बिघडायला जितक्या गोष्टी कमी, तितके इंजिन खेड्यात जास्त टिकते.

रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे पहिले यशस्वी इंजिन चालवले, तेव्हा त्याने इंधनातील सुमारे २६ टक्के ऊर्जा कामाला लावून दाखवली. वाफेची इंजिने याच्या बरीच मागे होती. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात या जातीचे एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले गेले. डिझेलच्या मनात आणखी एक गोष्ट होती. वाफेचे मोठे इंजिन फक्त मोठ्या कारखानदाराला परवडते. लहान आणि काटकसरी इंजिन असेल तर छोटा कारागीरही आपल्या पायावर उभा राहील, असे त्याला वाटत होते. युरोपात त्याची ही आशा किती फळली हे इतिहासकारांनी सांगावे. वऱ्हाडात पिठाच्या गिरणीवाल्यापासून इंजिन-मिस्त्रीपर्यंत अनेकांच्या घरी चूल पेटली ती या यंत्रावर, हे मात्र मी पाहिले आहे.

जीप आणि तिच्या पाटीवरचे नाव

आमच्या रस्त्यांवर जुन्या माणसांच्या आठवणीत पहिली ठसते ती जीप. या जीपच्या कंपनीचा इतिहास आपल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. १९४५ मध्ये जे. सी. महिंद्र, के. सी. महिंद्र आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी पोलादाच्या व्यापारासाठी एक कंपनी काढली. तिचे नाव होते 'महिंद्र अँड मोहम्मद'. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथे पहिले अर्थमंत्री आणि पुढे १९५१ ते १९५५ गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. पाटीवरचे एक नाव गेले. त्या कंपनीच्या गाड्यांच्या बॉनेटखाली हात काळे करणाऱ्यांत मात्र त्याच समाजातली माणसे मोठ्या संख्येने राहिली.

विलिस जीपच्या ज्या इंजिनाने दुसऱ्या महायुद्धात नाव कमावले त्याला 'गो-डेव्हिल' म्हणत : २.२ लिटर, चार सिलिंडर, ६० हॉर्सपॉवर. त्यानंतर आले 'हरिकेन'. बोअर तोच, स्ट्रोक तोच. पण हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले आणि धूर बाहेर टाकणारे खाली ब्लॉकमध्येच ठेवले. त्यामुळे ताकद वाढली आणि इंजिनाची उंचीही. ते मावावे म्हणून १९५३ च्या सीजे-३बी जीपचे बॉनेट उंच करावे लागले. तेच उंच बॉनेट महिंद्रच्या जीपला पुढे वर्षानुवर्षे राहिले. पंचायत समितीची, आरोग्य खात्याची, निवडणुकीची जीप म्हणून आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र येते, ते या इंजिनाच्या उंचीने ठरवलेले आहे.

पण हरिकेन पेट्रोल प्यायचे. तेल महागले आणि डिझेल स्वस्त राहिले, तेव्हा जीपला नवे हृदय शोधावे लागले, आणि ते शेतात सापडले. १९६३ मध्ये महिंद्र, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून मुंबईत ट्रॅक्टर कंपनी काढली होती. तिच्या बी-२७५ ट्रॅक्टरच्या घराण्यातले डिझेल इंजिन जीपमध्ये बसले. पुढे त्याचेच २५२३ सीसीचे रूप 'डीआय' नावाने गाजले. ट्रॅक्टरचे इंजिन गाडीत, म्हणजे आवाज भरपूर, थरथर भरपूर, वेग बेताचा. पण सेकंड गिअरमध्ये ते घाट असे चढायचे की ड्रायव्हरने बिडी पेटवावी आणि गाडी आपली चालत राहावी. कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये, टायमिंगला पट्टा नाही, दातेरी चाके. पट्टा नसल्यामुळे तो तुटून इंजिन बरबाद होण्याची भीतीच नाही. आमच्याकडच्या मिस्त्रींच्या यादीत हे इंजिन नेहमी वरच्या जागी असते.

नावात दडलेले माप

भाषेचा शिक्षक म्हणून मला इंजिनांची नावे उलगडायला आवडते. टाटाच्या जुन्या ट्रकमध्ये आणि बसमध्ये '६९७' इंजिन होते. ६ म्हणजे सिलिंडर सहा, ९७ म्हणजे बोअर ९७ मिलिमीटर. महिंद्रने १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्युजो कंपनीशी करार करून जे डिझेल इंजिन घेतले त्याचे नाव 'एक्सडीपी ४.९०'. चार सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर. एका जमशेदपूरच्या आणि एका फ्रेंच कारखान्याने एकाच रीतीने नाव ठेवावे, आणि आठवी नापास शागिर्दाने ते नाव ऐकताच पिस्टनचे माप सांगावे, यात मला व्याकरणाचा आनंद मिळतो.

प्युजो डीआयपेक्षा मऊ चालायचे. कारण डीआयमध्ये डिझेलचा फवारा थेट पिस्टनच्या माथ्यावर पडतो, तर प्युजोत तो आधी हेडमधल्या छोट्या कोठडीत पेटतो आणि मग जाळ बाहेर येतो. भडका हळू, म्हणून आवाज कमी. बदल्यात सकाळच्या थंडीत हीटर प्लग तापेपर्यंत थांबायचे, आणि डिझेल थोडे जास्त. डीआयला हीटरची गरज नाही, धक्का मारा, सुरू. शहरी गिऱ्हाईक प्युजो मागायचे, काळी-पिवळीवाला डीआय.

तिसरे नाव बजाज टेम्पोचे, जी कंपनी २००५ पासून फोर्स मोटर्स आहे. तिच्या मॅटाडोर आणि ट्रॅक्समध्ये आलेले २.४ लिटरचे इंजिन म्हणजे मर्सिडीजचे 'ओएम ६१६'. हेच इंजिन मर्सिडीज २४० डी या मोटारीत होते. ग्रीसमधल्या एका टॅक्सीचालकाने १९७६ ची अशी मोटार तब्बल ४६ लाख किलोमीटर चालवली. तीन इंजिने आलटून-पालटून दुरुस्त करून वापरली आणि २००४ मध्ये ती गाडी कंपनीच्या संग्रहालयाला दिली. जग त्या मोटारीचे फोटो पाहून थक्क होते. त्याच कुळातले इंजिन आमच्याकडे होळीच्या सुमारास सैलानीच्या यात्रेला आणि गुरुवारी शेगावला माणसे भरभरून नेत होते. त्याच्या किलोमीटरची नोंद कोणी ठेवली नाही, कारण मीटरची केबल बहुधा तुटलेली असायची.

उस्तादांची कसोटी

चांगले इंजिन कशाला म्हणायचे, असे मी आमच्या गावातल्या एका बुजुर्ग मिस्त्रींना विचारले. ते म्हणाले, "सर, जो इंजन माफ करता है वो अच्छा इंजन." हेच मी माझ्या शब्दांत मांडतो. ड्रायव्हरने ऑइल वेळेवर बदलले नाही, डिझेलमध्ये पाणी आले, फिल्टर जुनाच राहिला, दहाच्या जागी अठरा माणसे बसली. या सगळ्या चुका पोटात घालून जे इंजिन घरी पोहोचवते ते चांगले.

दुसरी कसोटी, ते बोलले पाहिजे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते, रिंगा गेल्या. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. पांढरा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही, किंवा हेडमधून पाणी आत येते. चारपैकी कोणता सिलिंडर मेला हे शोधायला संगणक लागत नव्हता. नोझलच्या पाइपचा एकेक नट सैल करायचा. ज्या नटाने इंजिनाचा आवाज बदलत नाही, तोच सिलिंडर काम करत नाही. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक ब्लॉकवर आणि मूठ कानामागच्या हाडावर ठेवून आतले बेअरिंग ऐकणारे उस्ताद मी पाहिले आहेत. डॉक्टरच्या स्टेथोस्कोपची आणि त्यांच्या पान्याची जात एकच.

तिसरी कसोटी, ते पुन्हा जन्म घेऊ शकले पाहिजे. सिलिंडर झिजला तर लेथवर बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन टाकता आला पाहिजे, किंवा स्लीव्ह बसवता आली पाहिजे. क्रँक झिजली तर घासून कमी मापाचे बेअरिंग. पुर्जे खामगाव-अकोल्याच्या बाजारात मिळाले पाहिजेत, नोझल आणि पंप 'मायको'चा असला की कॅलिब्रेशनवाला सापडतो. हाफ इंजिन काम, फुल इंजिन काम. एकेका ब्लॉकने असे चार-चार जन्म घेतले. टू-जेझेडचे चाहते ज्या लोखंडी ब्लॉकवर जीव टाकतात, त्याच गुणावर आमचे मिस्त्रीही जीव टाकत आले. तिकडे तो गुण वेगासाठी वापरला गेला, इकडे पोटासाठी.

आणि म्हणूनच मला वाटते की या इंजिनांचे मोठेपण निम्मे कारखान्यातले आणि निम्मे गॅरेजमधले आहे. कारखान्याने ते उघडता येईल असे बनवले. ते उघडून पुन्हा चालवणारा माणूस नसता तर पहिल्या मोठ्या बिघाडानंतर ते भंगारात गेले असते. शौकिनांच्या याद्यांत पहिल्या अर्ध्याची नावे असतात. दुसऱ्या अर्ध्याची कुठेच नसतात.

हे उस्ताद कोण?

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने आकडेवारीतून दाखवून दिले की देशातला मुस्लिम कामगार पगारी नोकरीत कमी आणि स्वतःच्या छोट्या धंद्यात जास्त आहे, आणि मोटारदुरुस्ती व रस्तेवाहतूक ही त्याच्या वाट्याला आलेली ठळक क्षेत्रे आहेत. आपल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी बसस्थानकाच्या मागची गल्ली पाहिली तरी हे कळते. अर्थात तिथे सुतार-लोहार समाजाचे, इतर जातींचे हातही आहेत. एकाच गॅरेजवर गजानन महाराजांचा फोटो आणि काबाशरीफचे कॅलेंडर शेजारी टांगलेले दिसते. इंजिन कोणाचा धर्म विचारत नाही, हे वाक्य घासून गुळगुळीत झालेले असले तरी त्या गल्लीत ते रोज खरे होते.

या गल्लीची भाषा तर आमच्या इतिहासाचे छोटे संग्रहालयच आहे. 'मिस्त्री' हा शब्द पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून आलेला. 'उस्ताद', 'शागीर्द', 'कारागीर', 'पुर्जा', 'कारखाना' फारसीतून. 'मरम्मत' आणि 'औजार' अरबी मुळाचे. ज्या 'दुरुस्ती'ला आपण शुद्ध मराठी समजतो, ती फारसी 'दुरुस्त'ची लेक. त्यावर इंग्रजीची कलमे : सायलेन्सरचे 'सलेंसर', कार्बुरेटरचे 'कारपेटर'. भाषेच्या नावाने भांडणाऱ्यांनी एक तास गॅरेजवर काढावा. तिथे एका वाक्यात चार देश शांतपणे नांदतात.

आपल्यातले काही जण अशा वेळी लगेच म्हणतात की इंजिनाचा शोध मुळात मुसलमानांचा. अशा फुशारकीचा उपयोग नाही. खरी गोष्ट पुरेशी मोठी आहे. आजच्या तुर्कस्तानातील दियारबकरच्या दरबारात अल-जझरी नावाचे कारागीर-अभियंते होते. त्यांनी १२०६ मध्ये यंत्रांवरचा ग्रंथ पूर्ण केला. त्यात दोन सिलिंडरच्या एका पाणी उपसणाऱ्या पंपाची रचना आहे, ज्यात गोल फिरणाऱ्या गतीतून पिस्टनची मागे-पुढे होणारी गती मिळवली आहे. आपल्या इंजिनात हाच व्यवहार उलटा होतो : पिस्टन वर-खाली होतो आणि क्रँक गोल फिरते. यावरून डिझेल इंजिन त्यांनी शोधले असे ठरत नाही. पण दुसरी एक गोष्ट ठरते. जझरींनी मापे लिहिली, आकृत्या काढल्या, कोणता भाग कसा घडवायचा हे सांगितले. म्हणून आठशे वर्षांनंतरही कारागीर ती यंत्रे पुन्हा बनवू शकतात. त्यांच्या काळातही न लिहिणारे कितीतरी हुशार कारागीर असतील. त्यांचे काम त्यांच्याबरोबर गेले.

आमचे उस्ताद याच दुसऱ्या गटात आहेत. माझी काळजी ही आहे.

धूर आणि छोटू

जुन्या इंजिनांचे कौतुक करताना दोन गोष्टी लपवणे बेइमानी ठरेल. पहिली, धूर. घाटात ट्रॅक्सच्या मागे अडकलेल्या मोटारसायकलवाल्याला विचारा. तो काळा धूर त्या गल्लीतल्याच माणसांच्या छातीत सर्वांत आधी गेला. नवे नियम आले ते योग्यच आले.

दुसरी गोष्ट जास्त बोचणारी आहे. उस्ताद-शागिर्दीची जी परंपरा आपण अभिमानाने सांगतो, तिचा शागीर्द बहुतेक वेळा दहा-बारा वर्षांचा मुलगा असायचा. त्याचे नाव 'छोटू'. तो पाने धुवायचा, चहा आणायचा, आणि शाळेच्या हजेरीपटावर त्याच्या नावापुढे लाल रेषा पडायची. सहा वर्षांत तो पंप उघडायला शिकायचा. पण त्याच पंपाच्या खोक्यावरची सूचना त्याला वाचता येत नसे. हात शिकले, अक्षर राहिले. इंजिन उघडे होते तोपर्यंत हे चालून गेले.

बंद होत गेलेले दार

मग इंजिन बंद होऊ लागले. २००३ मध्ये आलेले फियाटचे १२४८ सीसीचे मल्टिजेट इंजिन हे याचे चांगले उदाहरण. पुण्याजवळ रांजणगावला ते बनले, मारुतीनेही परवान्याने बनवले, स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत इतक्या गाड्यांत बसले की लोक त्याला 'राष्ट्रीय इंजिन' म्हणू लागले. लहान, काटकसरी, दमदार. शौकिनांचे प्रेम त्याने रास्त कमावले. पण त्यात डिझेल हजार बारच्या कितीतरी पुढच्या दाबाने फवारले जाते. मोटारीच्या टायरमध्ये साधारण दोन बार हवा असते, यावरून अंदाज घ्यावा. चालू इंजिनात पाइपचा नट सैल करून मेलेला सिलिंडर शोधण्याची जुनी युक्ती इथे केली तर डिझेलची धार कातडीत घुसेल. कोणत्या क्षणी किती फवारायचे हे एक इलेक्ट्रॉनिक डबा ठरवतो, आणि बिघाड आवाजातून न सांगता आकड्यांच्या कोडमधून सांगतो.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. मल्टिजेट भारतात थांबले, मारुतीने डिझेल मोटारीच बंद केल्या. नव्या डिझेल गाड्यांत धूर गाळणाऱ्या जाळ्या, सेन्सर, आणखी डबे आले. हवा स्वच्छ झाली पाहिजे, यात वाद नाही. पण बसस्थानकामागच्या गल्लीत याचा अर्थ असा झाला की नवी गाडी कंपनीच्या शोरूमकडे जाते आणि उस्तादाकडे फक्त जुनी उरते. जुनी गाडी दरवर्षी कमी होते. पुढे विजेच्या गाड्या आहेतच, ज्यांत पिस्टनही नाही आणि रिंगाही नाहीत.

कान कितीही तयार असला तरी स्कॅनरच्या पडद्यावरचे इंग्रजी वाचता आले पाहिजे. जे अक्षर छोटूकडून राहून गेले, तेच आता त्याच्या रोजगाराच्या आड उभे आहे.

मग काय करायचे?

रडगाणे गाऊन उपयोग नाही. तीन कामे आपल्या हातातली आहेत.

पहिले, गॅरेजवरच्या मुलाला दहावीपर्यंत आणा. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक एका वर्षाचा आणि मोटर मेकॅनिक दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, आणि दोन्हींच्या दारावर दहावीची चौकट आहे. घरात ज्याने पंप उघडलेला पाहिला आहे तो मुलगा तिथे इतरांच्या पुढे असेल. पण चौकट ओलांडली तर.

दुसरे, जे उस्ताद आज काम करत आहेत त्यांच्यासाठी सरकारच्या कौशल्य योजनांत आधीच्या अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. मशिदीच्या, मदरशाच्या, जमातीच्या कमिट्यांनी शिष्यवृत्तीच्या अर्जांसारखेच हे अर्जही भरून द्यावेत. चाळीस वर्षांच्या अनुभवाला एक कागद मिळाला तर बँकेच्या दारात त्याला किंमत येते, आणि स्कॅनर घ्यायला कर्ज मागता येते.

तिसरे काम शिक्षकांचे आणि मुलांचे. बी.एड.ला आम्हाला 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' हे सूत्र शिकवतात. माझ्या वर्गातल्या मुलांचे ज्ञात म्हणजे पाना, पिस्टन आणि नोझल. म्हणून मी नववीला एक काम देतो. घरातल्या किंवा मोहल्ल्यातल्या मिस्त्रीकडे जायचे, इंजिनाचे दहा शब्द आणायचे, प्रत्येकाचा अर्थ उर्दूत आणि मराठीत लिहायचा, आणि एक बिघाड कसा ओळखतात हे त्यांच्याच तोंडून ऐकून उतरवायचे. मुले वह्या घेऊन गल्लीत जातात. ज्या उस्तादांना आजवर कोणी 'लिहून घेतो, सांगा' असे म्हटले नव्हते, ते हातातला पाना खाली ठेवून सांगू लागतात. काही मुलांच्या वह्यांवर ऑइलचे ठसे उमटून येतात. त्या वह्या मी तपासतो, शुद्धलेखन दुरुस्त करतो, आणि जपून ठेवतो.

तुमच्या गावात असे कोणी उस्ताद असतील तर या आठवड्यात त्यांच्याकडे जाऊन बसा. डीआय आणि प्युजोत काय फरक होता, राजूर घाटात कोणती गाडी तापायची, पहिले इंजिन त्यांनी कोणाच्या हाताखाली बांधले, हे विचारा. आणि सोबत वही न्या.